कातरलेली सुपारी आणि कडक भाकरी

कोकणातून परत आले की आमच्या भिशीतल्या बायकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "मासे कसे होते?" आमच्या घरात श्रावणात कांदासुद्धा चिरला जात नाही हे त्यांना चांगलं ठाऊक आहे, तरी विचारतात. म्हणून या वेळी मी सांगून टाकलं, लिहूनच देते, एकदा काय ते वाचा आणि मला सोडा. तर यात मासे नाहीत. यात सुपारी आहे, भाकरी आहे आणि आमचे व्याही आहेत. व्याह्यांनी लिहायची परवानगी दिली आहे. फक्त गावाचं नाव घालू नका म्हणाले, "नायतर सगळे माजं तोंड बघाया येतील."

आमच्या मेघानं लग्न आपलं आपण जमवलं. जावई संदेश रायगडकडचा. दोघं पुण्यात असतात. त्याचे आईवडील म्हसळ्याहून श्रीवर्धनकडे जाताना रस्त्यापासून जरा आत, भातशेतीच्या एका गावात राहतात. लग्न झाल्यापासून "एकदा या, एकदा या" चाललं होतं आणि आमचं "येतो, येतो". शेवटी ऐन पौषात मुहूर्त लागला. निघताना मी सोलापूरची कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी डबे भरभरून घेतली. विहिणीकडे रिकाम्या हातानं कसं जायचं?

माझ्याविषयीही दोन शब्द सांगायला हवेत, नाहीतर पुढचं कळणार नाही. मी शाळेत जीवशास्त्र शिकवायचे. माझी थोरली बहीण आतड्याच्या कॅन्सरनं गेली. तेव्हापासून खाण्यातल्या वनस्पतींमध्ये काय काय असतं, त्यातलं काय कॅन्सरपासून राखतं, हे वाचायचा मला नाद लागला. आमचे हे त्याला वेड म्हणतात. मंडईत मी जास्तीत जास्त जांभळं वांगं शोधायला लागले की ते लांब जाऊन उभे राहतात.

म्हसळ्याच्या पलीकडे

प्रवासाचं काही सांगत नाही. ताम्हिणी घाटात मला गाडी लागली आणि यांनी माझ्याकडे न बघता लिंबू पुढे केलं, एवढंच सांगण्यासारखं.

घर कौलारू, पुढे पडवी आणि अंगणभर सुपारी वाळत घातलेली. गाडी कुठे लावायची हाच प्रश्न पडला. व्याही, म्हणजे आप्पा, पायानं सुपारी बाजूला सारत पुढे आले. उंच, काटक माणूस. मुंबईला एका कंपनीत फिटर होते, निवृत्त होऊन गावी आले आणि आता भात आणि सुपारीची वाडी बघतात. "या या विहीणबाई! घर तुमचंच हाय," म्हणाले. त्यांच्या मागे वनिताताई, आमच्या विहीणबाई, हातात पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या. बाई ठेंगणी, हसरी, आणि चहाची अशी भोक्ती की आम्ही पाय धुवायच्या आत आधण ठेवलेलं होतं. दिवसभरात त्यांच्या हातात कप नाही असा क्षण मी क्वचितच पाहिला.

आम्ही शाकाहारी म्हणून त्यांनी माशांच्या गावात राहून पानातला प्रत्येक पदार्थ झाडाचा केला होता. कडव्या वालांचं बिरडं, केळफुलाची भाजी, हातसडीचा लालसर भात, तांदळाची मऊ भाकरी आणि वाटीत गुलाबी सोलकढी. आमच्याकडे भाकरी थापताना ज्वारीला जोर लावावा लागतो, इथे बाई उकडीवर नुसता हात फिरवत होत्या. बिरड्याला नारळ, हिंग, आमसूल. तिखट असं नाहीच. मी तीनदा वाढून घेतलं आणि यांनी डोळे वटारले.

मग मी माझे डबे उघडले. कडक भाकरी म्हणजे आमच्याकडचं भूषण. पापडासारखी पातळ, मोडली की आवाज झाला पाहिजे. वनिताताईंनी कौतुकानं तुकडा मोडला. आप्पांनी मात्र भाकरी हातात घेतली, उलटीपालटी करून बघितली आणि ताटाच्या कडेला ठेवून दिली. चटणी बोटाला लावून जिभेवर ठेवली आणि घाईनं सोलकढी प्यायले. मला राग आला. इतक्या लांबून आणलं, निदान एक घास तरी! ते भात कालवून, अगदी लहान लहान घास करून जेवत होते आणि मी मनात म्हणत होते, तोंड उघडायचेही कष्ट नकोत यांना.

जेवणं झाल्यावर सगळे पडवीत बसलो. आप्पांनी पितळी अडकित्ता काढला. इथली रीत अशी की सुपारी घरधन्यानं स्वतः कातरायची आणि ती माणूस बघून कातरायची. म्हाताऱ्याला अगदी पातळ, तरण्याला जाड. पहिला मान पाहुण्याचा. आमच्याकडे बडीशेपेची डबी फिरवली की झालं, घ्या नाहीतर नका घेऊ. इथे तसं नाही. व्याह्यानं हातानं कातरून दिलेली सुपारी विहिणीनं नाकारायची म्हणजे घरात बसून घराला नावं ठेवायची.

"श्रीवर्धनी रोठा हाय," आप्पा म्हणाले. "आपल्या वाडीतली. फवारा न्हाय, रंग न्हाय, चुना न्हाय, तंबाखू तर औशदाला न्हाय. खाऊन बघा, गोड लागंल."

खरंच गोड लागली. आतून पांढरी, मऊसर. आणि मग कुणीतरी विषय काढला, बहुधा मीच काढला असेन, की त्यांचं जेवण किती गुणाचं आहे. झालं. माझा तास सुरू झाला. झाडाला पळून जाता येत नाही, म्हणून किडीपासून वाचायला ते आपल्या अंगात नाना रसायनं तयार करतं. त्यातलीच काही आपल्या उपयोगी पडतात. हळदीतलं द्रव्य, कोकमाच्या सालीतलं द्रव्य, भाज्यांचे रंग. मी हात हलवत बोलत होते, वनिताताई माना डोलवत होत्या आणि हे डोळे मिटून बसले होते.

"म्हंजे झाडाचं खाल्लं की कॅन्सर जवळ येत न्हाय," आप्पा म्हणाले.

"बरंचसं तसंच," मी म्हणाले. विद्यार्थी मन लावून ऐकत असला की मास्तरणीला फार सुख होतं.

आप्पा खूश झाले. त्यांनी आणखी एक सुपारी घेतली आणि स्वतःसाठी जाड खांड कातरलं.

वाडीत

सकाळी आप्पा आम्हाला वाडी दाखवायला घेऊन गेले. सुपारीची वाडी मी पहिल्यांदाच पाहिली. सरळसोट, बारीक अंगाची झाडं, त्यांवर चढलेल्या मिऱ्याच्या वेली, मधून जायफळ, केळी आणि पायाशी पाण्याचे पाट. जानेवारीतही थंडगार सावली. आमच्याकडे सावली हवी तर कडुलिंबाचं झाड गाठावं लागतं, इथे सावलीतून बाहेर यायला वाट शोधावी लागत होती.

मधल्या एका पट्ट्यात मात्र आभाळ उघडं होतं आणि तिथे कमरेच्या वर आलेली नवी रोपं होती. "बापानं लावलेली झाडं व्हती इथं," आप्पा म्हणाले. "मोठ्या वादळात एका सकाळीत आडवी झाली. मी इथंच बसून व्हतो, डोल्यांदेखत. मग म्हटलं, रडून काय व्हतंय? परत लावली." त्यांनी एका रोपाच्या पानावरची माती अंगठ्यानं पुसली.

बांधावरून शेजारचे गृहस्थ चालले होते. आप्पांनी त्यांना हाक मारून थांबवलं. "ह्या आमच्या विहीणबाई. शास्त्र शिकवायच्या. त्या बोलल्या, झाडाचं खाल्लं की कॅन्सर व्हत न्हाय." आणि चंचीतून सुपारीचं खांड काढून त्यांच्या हातावर ठेवलं. "घे. झाडाचंच हाय."

मी असं कुठे म्हणाले होते? पण नीट आठवून पाहिलं तर असंच म्हणाले होते.

ते गृहस्थ गेल्यावर आप्पा आपणहून सांगू लागले. मुंबईला असताना ते तंबाखू खायचे. बरोबरच्या एका फिटरला गुटख्यानं जबड्याचा कॅन्सर झाला. त्याचा अर्धा गाल काढला. "ते बघितलं आणि तंबाखू सोडली. एका दिवसात. हिला इचारा. हात थरथरायचं, पन शिवली न्हाय. ही वाडीतली सुपारी नसती तर जमलं नसतं. तंबाखूची तलफ आली की हिचं खांड टाकायचं. तवापासनं हिच्याच जिवावर हाय मी."

इतक्या अभिमानानं सांगत होते की मी नुसती मान डोलावली. तेवढ्यात त्यांचा कुत्रा पाट ओलांडून शेजाऱ्याच्या वाडीत शिरला. आप्पांनी टाळ्या वाजवून त्याला बोलावलं. हे म्हणाले, "शिट्टी वाजवा की!" "पैले वाजवायचो, पार रस्त्यापातूर ऐकू जायची," आप्पा हसून म्हणाले. "आता वाजत न्हाय. गाल फुगतच न्हाय. वय झालं."

गाल फुगत नाहीत. कडक भाकरी तोंडात जात नाही. चटणी आग करते. लहान लहान घास. मी तिथेच पाटाच्या कडेला उभी राहिले आणि एक पाय पाण्यात गेला तरी मला कळलं नाही.

आमच्या शाळेत एकदा दातांचं शिबिर झालं होतं. गोड सुपारीच्या पुड्या खाणारी पोरं बरीच होती, म्हणून डॉक्टरांनी सगळ्यांना एक साधी गोष्ट करायला लावली होती: आपली तीन बोटं एकावर एक उभी धरून तोंडात घालायची. जात असतील तर ठीक. सुपारीनं गालाच्या आतली कातडी हळूहळू ताठ होत जाते, तिखट झोंबतं, तोंड उघडेनासं होतं, आणि अशा तोंडात पुढे कॅन्सर होऊ शकतो, तंबाखूचा कण नसला तरी. सुपारीतही झाडानं स्वतःसाठी बनवलेलं एक द्रव्य असतंच. झाडाला आपल्या तब्येतीशी काय देणंघेणं? हे सगळं मला माहीत होतं. पण ती पुडीतली सुपारी, पोरांची. व्याह्यांनी अडकित्त्यानं कातरून दिलेली सुपारी मी मनात दुसऱ्याच फडताळात ठेवली होती.

दुपारी श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर गेलो. आप्पा आणि वनिताताई शहाळंवाल्याशी गप्पा मारत मागे राहिले, तेव्हा मी यांना सगळं सांगितलं. समुद्र खूप आत गेला होता आणि ओल्या वाळूत आमच्या पावलांत पाणी साचत होतं. हे ऐकून घेऊन म्हणाले, "तुझी शंका असेल. व्याही आहेत, जरा सांभाळून बोल. पोरगी त्या घरात दिलीय."

"माझ्या बहिणीच्या वेळी सगळे सांभाळूनच बोलत होते," मी म्हणाले. माझा आवाज चढला. "तिला महिनोन् महिने रक्त जात होतं आणि सगळे मूळव्याध म्हणत होते, कारण दुसरा शब्द कुणाच्या तोंडातून निघत नव्हता. मी नाही सांभाळून बोलणार."

यांनी माझ्या ओल्या चपला हातात घेतल्या.

पोपटी

संध्याकाळी आमच्यासाठी पोपटी लावली होती. रायगडातली ही थंडीतली मजा. मडक्यात भांबुर्डीचा पाला घालायचा, त्यावर वालाच्या शेंगा, ओवा, मीठ. वर पुन्हा पाला दाबून तोंड बंद करायचं, मडकं उपडं ठेवायचं आणि भोवती पेंढा-गोवऱ्या पेटवायच्या. एरवी त्यात कोंबडी नाहीतर अंडी घालतात, आमच्यासाठी रताळी आणि वांगी घातली होती. पाण्याचा थेंब नाही, तेल नाही. मडकं उघडून रिकामं केलं तेव्हा जो वास सुटला तो सांगता येत नाही, त्याला तिथेच बसावं लागतं. आमच्याकडच्या हुरड्याची आठवण झाली. हुरड्याला चटणी लागते, पोपटीला काहीच लागत नाही. शेंग दाताखाली धरायची आणि दाणे ओढून घ्यायचे.

आप्पा शेंगा बोटांनी सोलून एकेक दाणा तोंडात टाकत होते. मला आता ते दिसत होतं आणि बघवत नव्हतं.

"एक गंमत करू या," मी म्हणाले. "सगळ्यांनी तीन बोटं अशी उभी धरायची आणि तोंडात घालायची."

वनिताताईंना हसू फुटलं. त्यांची तिन्ही बोटं सहज गेली. माझीही गेली. यांनी आढेवेढे घेतले पण घातली. आप्पांनी हसत हसत हात वर नेला. दोन बोटं दातांशी अडली. त्यांनी पुन्हा जोर केला. मग हात खाली घेतला.

"सुपारीनं होतं असं, आप्पा," मी म्हणाले. "तंबाखू नसली तरी होतं. दातांच्या डॉक्टरला दाखवायला हवं, आणि सुपारी बंद करायला हवी. काल मी अर्धवट बोलले. झाडाचं असलं म्हणजे चांगलंच असतं असं नाही."

"काल येक, आज येक," आप्पा म्हणाले. त्यांचा चेहरा जाळाच्या उजेडात लाल दिसत होता. "ही शाळा न्हाय विहीणबाई. बापजाद्यांनी खाल्ली, कुणाला काय झालं न्हाय." आणि ते उठून वाडीकडे निघून गेले. कुत्रा त्यांच्या मागोमाग गेला.

मला वाटलं, झालं, आता मेघाचा फोन येणार. पण वनिताताई माझ्याजवळ सरकल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "ताई, बरं झालं तुमी बोललाव. मी वर्सभर बघतेय. आधी आंबा आख्खा चोखायचे, आता फोडी करून द्याव्या लागतात. माशाला मिरची टाकायची बंद केली मी. गालात पांढरं दिसतंय, तेपण बघितलं मी एकदा. डाक्तर म्हटलं की अंगावर येतात. तो गाल काढलेला माणूस हाय ना, तो डोल्यासमोरनं जात न्हाय त्यांच्या." त्यांच्या हातातला चहा गार झाला होता, पहिल्यांदाच.

हरिहरेश्वर

सकाळी न्याहारीनंतर आप्पा पडवीत येऊन बसले. अडकित्ता काढला, एक सुपारी घेतली आणि अगदी पातळ, कागदासारख्या कातरी तश्तरीत काढल्या. पहिली माझ्यासमोर धरली. त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता. बघत होते फक्त, घेते का.

"मी घेणार नाही, आप्पा," मी म्हणाले.

मग त्यांनी तश्तरी यांच्यापुढे केली. आमचे हे आयुष्यात कुणाला नाही म्हणालेले नाहीत, दारावर आलेल्या साबणवाल्यालासुद्धा नाही. शिवाय दोन दिवसांत त्यांना ती सुपारी फार आवडली होती. त्यांनी तश्तरीला हात लावून नमस्कार केला आणि ती तशीच परत सारली. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण मला त्यांचा असा अभिमान फार वेळा वाटलेला नाही.

"म्हंजे माज्या घरची सुपारी वंगाळ झाली," आप्पा म्हणाले. "मंग वाडी कशाला राखू? तोडून टाकू सगळी?"

वनिताताईंनी ते बोलणं वाढू दिलं नाही. "आज हरिहरेश्वरला जायाचं ठरलंय. ओहोटी गाठायची तर उठा," म्हणाल्या.

गाडीत आप्पा खिडकीबाहेर बघत राहिले. देवळाशी पोचल्यावर आधी काळभैरव, मग हरिहरेश्वर, अशी दर्शनं झाली. ओहोटी होती म्हणून प्रदक्षिणेच्या वाटेनं खाली उतरलो. दगडी पायऱ्या दोन कड्यांच्या फटीतून थेट समुद्रावर नेतात. खाली लाटांनी खडकाला अशी भोकं पाडून ठेवली आहेत, जणू कुणी पोळ्यातला मध काढून घेतलाय. आमचे हे शेवाळावर घसरले आणि बसले ते बसलेच. उठवताना आप्पा थोडे हसले, एवढाच त्या सकाळचा फायदा.

वर आल्यावर वनिताताई काळभैरवासमोर थांबल्या. या क्षेत्राला दक्षिण काशी म्हणतात आणि काशीला गेलं की आवडती एखादी वस्तू सोडून यायची रीत आहे. रीत सगळीकडे आहे आणि पळवाटाही सगळीकडे आहेत. माझ्या सासूबाईंनी काशीला शेपू सोडला होता, जो त्यांनी आधीही कधी खाल्ला नव्हता.

वनिताताईंनी हात जोडले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "देवा, आजपासनं मी चहा सोडला."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. आप्पाही. "येडी झालीस काय?" ते म्हणाले.

"सोडला म्हंजे सोडला. आता तुमी काय सोडताव ते बोला."

"पडवळ सोडतो," आप्पा म्हणाले. कुणीच हसलं नाही. वनिताताई देवाकडे तोंड करून तशाच उभ्या राहिल्या. मागे दर्शनाला माणसं खोळंबली होती. कुणीतरी "चला, पुढं चला" म्हणत होतं.

आप्पांनी खिशातून चंची काढली. तिच्यातली कातरलेली खांडं मुठीत घेऊन ती बाहेरच्या कचऱ्याच्या डब्यात टाकून आले. तळाशी एक आख्खी सुपारी होती, ती त्यांनी देवापुढे ठेवली. "सोडली," म्हणाले. "पन अडकित्ता बापाचा हाय. तो देनार न्हाय."

"तो देव्हाऱ्यात ठेवू," वनिताताई म्हणाल्या. "गणपती म्हणून सुपारी पुजतोच ना आपण? तिला कोन दात लावतं?"

परत येताना वाटेत टपरी लागली. सवयीनं गाडी थांबली. आम्ही तिघांनी चहा घेतला आणि वनिताताईंनी पाणी. आप्पांनी अर्धा कप तसाच ठेवला.

म्हसळ्याला थांबलो

निघायच्या दिवशी ते दोघं आमच्या गाडीतून म्हसळ्यापर्यंत आले. दातांची डॉक्टर तरुण मुलगी होती, बोलायला मोकळी. तिनं आप्पांचं तोंड उघडेल तेवढं उघडून, आरसा फिरवून बराच वेळ बघितलं. आम्ही बाहेरच्या बाकावर बसलो होतो. वनिताताईंनी माझा हात धरला होता.

ती बाहेर येऊन म्हणाली, "गाल ताठ झालेत. ते पूर्ववत होतील असं नाही, पण सुपारी बंद ठेवली आणि व्यायाम केला तर जळजळ कमी होईल, तोंडही थोडं मोकळं होईल. गालात एक पांढरा चट्टा आहे, त्याचा तुकडा मुंबईला तपासायला हवा. आत्ताच. बरं झालं आत्ता आलात." मग तिनं आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक रचून दातांमध्ये कशा धरायच्या आणि सवय झाली की आणखी एक कशी वाढवायची ते दाखवलं.

आप्पांनी खाली बघत विचारलं, "तुकडा काढतील तो केवडा?"

"वालाच्या दाण्यापेक्षा लहान," ती म्हणाली. आप्पांचे खांदे जरा सैल झाले.

मी तिला घरच्या जेवणाचं विचारलं. ती हसली. "जेवण उत्तम आहे. कडधान्यं, पालेभाज्या, कोंड्यासकट धान्य, हे खातच राहा. आतड्यांच्या कॅन्सरचा धोका अशा खाण्यानं कमी होतो, ते भक्कम आहे. हळद, कोकम स्वयंपाकात असू द्या, चांगलंच आहे, पण माणसांवर औषध म्हणून अजून सिद्ध झालेलं नाही. आणि वर सुपारी खाल्ली तर ते सगळं वाया." हेच मी पहिल्या संध्याकाळी सांगायला हवं होतं. पण तिनं थोडक्यात सांगितलं आणि मी थोडक्यात कधी सांगत नाही.

निरोप घेताना आप्पांनी यांच्या हातात नारळांचं पोतं दिलं आणि म्हणाले, "व्याहीबुवा, पुढच्या टायमाला शिट्टी शिकून या."

सोलापूर

मधले दिवस मी कसे काढले ते आमच्या यांना विचारा. संदेश त्यांना मुंबईला घेऊन गेला, तुकडा काढला. रिपोर्ट आला त्या दिवशी मेघाचा फोन आला तेव्हा मी ज्वारी निवडत होते. कॅन्सर नाही, म्हणाली. चट्ट्यावर लक्ष ठेवायचं, ठरल्यासारखं दाखवत राहायचं, सुपारी कायमची बंद. मी ज्वारीचं सूप तसंच ठेवलं आणि मोकळेपणानं रडले. बहिणीच्या वेळी हे वाक्य ऐकायला मिळालं नव्हतं.

वाडी आहे. सुपारी अजून वाळते, पूजेला आणि लग्नाला लोक नेतात. आप्पांनी नव्या पट्ट्यात रोपांच्या मध्ये जायफळ आणि मिरी वाढवली आहे. पुढचं पुढे बघू, म्हणतात. पडवीत आलेल्या माणसाला आता भाजलेले तीळ, ओवा, बडीशेप देतात. काही जण कुरकुरतात. बांधावरच्या त्या शेजाऱ्याला मात्र आप्पांनी स्वतः तीन बोटं तोंडात घालायला लावली.

उन्हाळ्यात मी मेघाबरोबर पुन्हा डबा पाठवला. कडक भाकरी आणि कमी तिखटाची चटणी. काही अपेक्षा नव्हती, वनिताताईंना आवडते म्हणून. एका दुपारी आप्पांचा फोन आला. ते कधी फोन करत नाहीत.

"विहीणबाई, हिला जरा समजवा. म्हटलं, रिपोर्ट बरा हाय, आता चहा चालू कर. तर आयकत न्हाय. देवाला बोलली म्हणते." मागून वनिताताईंचं हसू ऐकू आलं. मग आप्पा म्हणाले, "बरं, फोन कानाला नीट लावा."

मी लावला. काहीतरी कडकन मोडलं. मग कुर्रकुर्र, सावकाश, थांबून थांबून, पुन्हा कुर्रकुर्र.

मी फोन स्पीकरवर टाकला आणि यांना हाक मारली.

"इकडे या लवकर," मी म्हणाले. "आप्पा भाकरी खातायत."